ॲश, आर्थर रॉबर्ट

ॲश, आर्थर रॉबर्ट : (१० जुलै १९४३ – ६ फेब्रुवारी १९९३). विख्यात अमेरिकन टेनिसपटू, क्रीडा-इतिहासलेखक व सामाजिक कार्यकर्ता. अमेरिकन खुली स्पर्धा (१९६८), ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा (१९७०) आणि विंबल्डन (१९७५) या तीन प्रमुख स्पर्धांत पुरुषांच्या एकेरीचे अजिंक्यपद मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय. त्याच्या कारकीर्दीच्या काळात दोन मोठी स्थित्यंतरे घडून आली. हौशी व व्यावसायिक खेळाडूंत विभागलेले टेनिस १९६८ मध्ये सर्वांना खुले झाले आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील कायदेशीर वर्णविलगतेची व्यवस्था १९५४ ते १९६५ या काळात मोडकळीस आली. या दोन्ही स्थित्यंतरांशी ॲशच्या आयुष्याचा निकटचा संबंध आहे. त्यामुळे त्याच्या कारकीर्दीचे महत्त्व केवळ जिंकलेल्या सामन्यांच्या संख्येवरून ठरविता येत नाही.

पूर्वायुष्य : त्याचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) हे शहर गुलामगिरीच्या पुरस्कर्त्या दक्षिणी राज्यसंघाची राजधानी होते. ॲशच्या बालपणी तेथील शाळा, बसगाड्या, उद्याने व क्रीडांगणे गोऱ्यांसाठी व कृष्णवर्णीयांसाठी वेगवेगळी होती. त्याचे वडील आर्थर ॲश (थोरले) हे कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या ब्रुकफील्ड या मोठ्या क्रीडोद्यानाचे रखवालदार होते आणि उद्यानाच्या आवारातील घरातच कुटुंब राहत असे. घरापासून काही पावलांवरच टेनिसची चार कोर्टे होती. मार्च १९५० मध्ये आई मॅटी कॉर्डेल हिचे निधन झाले, तेव्हा ॲश सहा वर्षांचा, तर त्याचा धाकटा भाऊ जॉनी जेमतेम दोन वर्षांचा होता. वडिलांची शिस्त कडक होती. शाळा सुटल्यानंतर ठराविक मिनिटांत मुलाने घरी पोहोचले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. देहयष्टी किरकोळ असल्याने फुटबॉलसारखे अंगमेहनतीचे खेळ त्याला वर्ज्य करण्यात आले आणि तो वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास टेनिसकडे वळला.

व्हर्जिनिया युनियन विद्यापीठात शिकणारा व ब्रुकफील्ड येथे फावल्या वेळात मुलांना टेनिस शिकविणारा रॉन चॅरिटी हा त्याचा पहिला शिक्षक. चॅरिटीने त्याला लिंचबर्ग येथील डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे नेले. जॉन्सन यांचा व्यवसाय वैद्यकीचा असला, तरी कृष्णवर्णीय मुलांना टेनिसमध्ये पुढे आणण्याचे काम त्यांनी ध्यास घेऊन केले. १९५७ व १९५८ या दोन्ही वर्षी विंबल्डन व अमेरिकन राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारी अल्थिया गिब्सन ही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुढे आलेली खेळाडू होती. १९५३ पासून ॲश दर उन्हाळ्यात जॉन्सन यांच्या घरी राहून सराव करू लागला.

जॉन्सन यांच्या शिकवणुकीत फटक्यांइतकेच आचरणाला महत्त्व होते. पंचाच्या निर्णयाबद्दल वाद घालू नये, रॅकेट आपटू नये, प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या बाहेर दोन इंचांपर्यंत पडला तरी तो आत पडला असे समजून परतवावा, असे त्यांचे नियम होते. गोऱ्यांच्या स्पर्धांत कृष्णवर्णीय मुलाला प्रवेश नाकारण्यास कोणतेही निमित्त पुरेसे ठरत असे. ते निमित्तच मिळू देऊ नये, हा या नियमांमागील हेतू होता. ॲशच्या पुढील आयुष्यातील संयत, अलिप्त वाटणाऱ्या वर्तनाचे मूळ या शिस्तीत आढळते. या संयमाची प्रशंसा झाली, तशीच त्यावर कठोर टीकाही झाली.

शिक्षण व लष्करी सेवा : रिचमंडमधील गोऱ्यांच्या उद्यानांतील कोर्टांवर ॲशला खेळता येत नसे आणि हिवाळ्यात बंदिस्त कोर्टांवर सराव करण्याचीही सोय नव्हती. म्हणून जॉन्सन यांच्या सल्ल्याने शालेय शिक्षणाचे शेवटचे वर्ष त्याने मिसूरी राज्यातील सेंट लुइस येथे रिचर्ड हडलिन या शिक्षकाच्या घरी राहून पूर्ण केले. तेथील बंदिस्त कोर्टांच्या लाकडी, गुळगुळीत जमिनीवर चेंडू वेगाने व खाली येत असल्यामुळे त्याने सर्व्हिस व व्हॉली या फटक्यांवर भर दिला. १९६० मध्ये त्याने कुमारांचे राष्ट्रीय बंदिस्त अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली. तेथे जे. डी. मॉर्गन हे त्याचे प्रशिक्षक होते आणि ज्याला तो लहानपणापासून आदर्श मानीत असे, त्या पांचो गोन्झालेस या श्रेष्ठ व्यावसायिक खेळाडूबरोबर सराव करण्याची संधीही त्याला मिळाली.

१९६३ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघात त्याची निवड झाली. या संघात निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय. १९६५ मध्ये त्याने आंतरमहाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीचे अजिंक्यपद मिळविले आणि विद्यापीठाच्या संघालाही विजेतेपद मिळवून दिले. १९६६ मध्ये व्यवसाय-प्रशासन विषयातील पदवी घेऊन तो अमेरिकन भूसेनेत अधिकारी म्हणून दाखल झाला. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत त्याची नेमणूक झाली आणि माहिती-संस्करणाच्या कामाबरोबरच तेथील टेनिसचा कार्यक्रमही त्याच्याकडे सोपविण्यात आला. याच काळात त्याचा भाऊ जॉनी नौसैनिक दलातर्फे व्हिएटनाममध्ये लढत होता. ॲश १९६९ मध्ये सैन्यातून मुक्त झाला.

खुले टेनिस आणि १९६८ चे वर्ष : १९६८ पूर्वी विंबल्डनसह चारही प्रमुख स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असत. उघडपणे पैसे घेऊन खेळणारा खेळाडू व्यावसायिक ठरे आणि या स्पर्धांना कायमचा मुके. गोन्झालेस, केन रोझवॉल, रॉड लेव्हर यांसारख्या श्रेष्ठ खेळाडूंना ऐन उमेदीची वर्षे फिरत्या व्यावसायिक तांड्यांत गावोगाव सामने खेळून काढावी लागली. दुसरीकडे अनेक ‘हौशी’ खेळाडूंना प्रवासखर्चाच्या नावाखाली आयोजकांकडून गुप्तपणे पैसे मिळत. ही दांभिकता असह्य होऊन ब्रिटिश संघटनेने पुढाकार घेतला आणि मार्च १९६८ मध्ये पॅरिस येथील बैठकीत आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस महासंघाने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली. एप्रिलमध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे पहिली खुली स्पर्धा झाली.

त्या वर्षी ॲशने प्रथम बॉस्टनजवळील लाँगवुड येथे बॉब लुट्झला हरवून अमेरिकन हौशी अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर काही दिवसांतच न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्स येथे पहिली अमेरिकन खुली स्पर्धा भरली. ९ सप्टेंबर १९६८ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात त्याने नेदर्लंड्सच्या टॉम ऑकरचा १४–१२, ५–७, ६–३, ३–६, ६–३ असा पराभव केला. परतविता न आलेल्या सव्वीस सर्व्हिस ही या सामन्यातील त्याची कामगिरी विशेष उल्लेखनीय आहे. तथापि तो लष्करी अधिकारी व नोंदणीकृत हौशी खेळाडू असल्यामुळे विजेत्याचे १४,००० डॉलरचे पारितोषिक त्याला स्वीकारता आले नाही. ते पराभूत ऑकरला मिळाले आणि ॲशच्या वाट्याला केवळ दैनिक भत्ता आला. एकाच मोसमात अमेरिकेचे हौशी व खुले अशी दोन्ही अजिंक्यपदे मिळविण्याचा विक्रम त्याच्याच नावावर राहिला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये झाली होती. वंशसंघर्षाने होरपळलेल्या देशात, ज्या खेळाचे बहुतेक मंडळे-मंडप कृष्णवर्णीयांना बंद होते, त्या खेळातील हे अजिंक्यपद एका कृष्णवर्णीयाने मिळविणे ही घटना क्रीडाक्षेत्राबाहेरही महत्त्वाची ठरली.

वर्षअखेर डेव्हिस चषकाच्या आंतरविभागीय अंतिम फेरीत, प्वेर्त रीकोतील सान ह्वान येथे, ॲशचा समावेश असलेल्या अमेरिकन संघाने भारताचा ४–१ असा पराभव केला. त्यानंतर ॲडिलेड येथे ऑस्ट्रेलियाला हरवून अमेरिकेने पाच वर्षांनी तो चषक परत मिळविला. आदल्या वर्षी एक्वादोरच्या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाकडून अमेरिकेला पत्करावा लागलेला पराभव, आणि त्यात ॲशने गमावलेले दोन्ही एकेरी सामने, यांची सल या विजयाने दूर झाली.

व्यावसायिक कारकीर्द : जानेवारी १९७० मध्ये ॲशने ऑस्ट्रेलियाच्या डिक क्रीलीला सरळ तीन सेट्समध्ये हरवून ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद मिळविले. याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात १९६६ व १९६७ मध्ये रॉय एमर्सनकडून आणि पुढे १९७१ मध्ये रोझवॉलकडून तो पराभूत झाला. सप्टेंबर १९७० मध्ये टेक्ससमधील उद्योगपती लमार हंट याच्या ‘वर्ल्ड चँपियनशिप टेनिस’ या व्यावसायिक मंडळाशी करार करून तो पूर्णतः व्यावसायिक बनला. दुहेरीत त्याने मार्टी रीसनसह फ्रेंच (१९७१) व टोनी रोशसह ऑस्ट्रेलियन (जानेवारी १९७७) अजिंक्यपद मिळविले. १९७२ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रुमानियाच्या इली नस्तासेविरुद्ध पहिल्या तीन सेट्सपैकी दोन जिंकूनही त्याला पाच सेट्समध्ये हार पत्करावी लागली.

खुल्या टेनिसमुळे खेळात पैसा आला. परंतु खेळाडूंनी कोठे व केव्हा खेळावे याचे अधिकार राष्ट्रीय संघटना, आंतरराष्ट्रीय महासंघ व व्यावसायिक प्रवर्तक यांच्याच हाती होते. यावर उपाय म्हणून सप्टेंबर १९७२ मध्ये व्यावसायिक टेनिसपटूंचा संघ स्थापन करण्यात आला. ॲश त्याच्या संस्थापकांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी या संघाची कसोटी लागली. डेव्हिस चषक सामना खेळण्यास नकार दिल्याच्या आरोपावरून यूगोस्लाव्हियाच्या निकोला पिलिच याला निलंबित करण्यात आले आणि निलंबनाच्या मुदतीत विंबल्डनची स्पर्धा येत होती. निषेध म्हणून सुमारे ऐंशी खेळाडूंनी १९७३ च्या विंबल्डनवर बहिष्कार घातला. सोळा मानांकित खेळाडूंपैकी तेरा त्यांत होते. ॲशने बहिष्काराचा पुरस्कार केला. विंबल्डन जिंकण्याचे स्वप्न बाळगणाऱ्या तिशीच्या खेळाडूच्या दृष्टीने हा त्याग लहान नव्हता. खेळाडूंच्या सामूहिक शक्तीची जाणीव संघटनांना या घटनेने प्रथमच झाली. १९७४ मध्ये ॲश या संघाचा अध्यक्ष झाला.

दक्षिण आफ्रिका : दक्षिण आफ्रिकेतील वर्णविलगतेचा प्रश्न ॲशच्या आयुष्यात वीस वर्षांहून अधिक काळ राहिला. जोहॅनिसबर्ग येथील दक्षिण आफ्रिकन स्पर्धेत खेळण्यासाठी त्याने १९६९ मध्ये प्रवेशपरवाना मागितला, तेव्हा तो नाकारण्यात आला. पुढील वर्षीही नकारच मिळाला. यानंतर दक्षिण आफ्रिकेला आंतरराष्ट्रीय टेनिसमधून वगळावे, अशी मागणी त्याने जाहीरपणे केली. १९७० मध्ये त्या देशाला डेव्हिस चषकातून वगळण्यात आले. परंतु १९७३ मध्ये त्याचा पुन्हा प्रवेश झाला.

नोव्हेंबर १९७३ मध्ये ॲशला अखेर परवाना मिळाला. एलिस पार्क येथील प्रेक्षकांची आसने वर्णानुसार विभागलेली नसावीत, आपल्याला ‘मानद गोरा’ समजले जाऊ नये, आणि हवे तेथे जाण्याचे व हवे ते बोलण्याचे स्वातंत्र्य असावे, अशा अटी त्याने घातल्या होत्या. आसनांविषयीची अट प्रत्यक्षात पूर्णपणे पाळली गेली नाही. एकेरीच्या अंतिम सामन्यात तो जिमी कॉनर्सकडून हरला. पण ऑकरसह त्याने दुहेरीचे विजेतेपद मिळविले. अशा प्रकारे त्या स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत प्रथमच एका कृष्णवर्णीयाचे नाव आले. सोवेटो या कृष्णवर्णीय वस्तीत त्याने मुलांना टेनिसचे धडे दिले. एक मुक्त कृष्णवर्णीय मनुष्य प्रत्यक्ष पाहणे हीच तेथील अनेक मुलांच्या दृष्टीने नवी गोष्ट होती. उलट, काही स्थानिक कार्यकर्त्यांनी त्याला तोंडावर सुनावले, की त्याच्या भेटीमुळे जुलमी राजवटीला प्रतिष्ठा मिळते. ॲशने हे आक्षेप लपविले नाहीत. या काळातील आपल्या रोजनिशीत (पोर्ट्रेट इन मोशन, १९७५) त्याने दोन्ही बाजू नोंदविल्या आहेत.

याच सुमारास भारताने नेमका विरुद्ध मार्ग स्वीकारला. १९७४ मध्ये विजय व आनंद अमृतराज यांच्या खेळाच्या बळावर भारतीय संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका होता. वर्णविलगतेचा निषेध म्हणून भारताने हा सामना खेळण्यास नकार दिला आणि एकही चेंडू न टोलविता चषक दक्षिण आफ्रिकेला बहाल झाला. चषक जिंकण्याची चांगली संधी असताना केलेला हा त्याग भारतीय टेनिसच्या इतिहासात अजोड आहे. आत शिरून भिंतीला तडा द्यावा, की बाहेर राहून ती एकाकी पाडावी, हा या दोन मार्गांतील मूलभूत मतभेद होता. त्यानंतरही ॲश काही वेळा दक्षिण आफ्रिकेत गेला. परंतु सोवेटोतील जून १९७६ च्या उठावानंतर, संपर्काने ही राजवट बदलणार नाही असे त्याचे मत होत गेले आणि तो बहिष्काराचा खंदा पुरस्कर्ता बनला. १९८३ मध्ये त्याने गायक हॅरी बेलाफाँटे याच्या सहकार्याने वर्णविलगतेविरुद्ध कलावंत व क्रीडापटूंची संघटना उभारली. जानेवारी १९८५ मध्ये वॉशिंग्टन येथील दक्षिण आफ्रिकन वकिलातीसमोर निदर्शने करताना त्याला अटक झाली. कारावासातून मुक्त झालेल्या नेल्सन मंडेलांनी अमेरिकेच्या दौऱ्यात त्याची आवर्जून भेट घेतली.

विंबल्डन, १९७५ : मे १९७५ मध्ये डॅलस येथे ब्यर्न बोर्गला हरवून ॲशने ‘वर्ल्ड चँपियनशिप टेनिस’चे अजिंक्यपद मिळविले. तरीही विंबल्डनच्या अंतिम सामन्यात कॉनर्सपुढे त्याचा निभाव लागेल असे फार थोड्यांना वाटत होते. बावीस वर्षांच्या कॉनर्सने १९७४ मध्ये फ्रेंच वगळता उरलेली तिन्ही प्रमुख अजिंक्यपदे मिळविली होती, तर ॲश बत्तिशीच्या उंबरठ्यावर होता. सामन्याला कटुतेची पार्श्वभूमीही होती. कॉनर्स खेळाडूंच्या संघाचा सभासद झाला नव्हता व डेव्हिस चषकातही खेळत नव्हता. त्यावरून ॲशने केलेल्या टीकेबद्दल कॉनर्सने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. ॲश कोर्टावर उतरला तो अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघाचे जाकीट अंगात घालून.

५ जुलै रोजी झालेला हा सामना डावपेचांचा आदर्श नमुना समजला जातो. ॲश हा स्वभावतः जोरकस फटक्यांचा खेळाडू होता. पण प्रतिस्पर्ध्याच्या वेगाचाच उपयोग करून चेंडू परतविणे हे कॉनर्सचे बळ होते. म्हणून मित्रांशी विचारविनिमय करून ॲशने आपला नेहमीचा खेळ बाजूस ठेवला. डावखुऱ्या कॉनर्सच्या दुहाती बॅकहँडकडे काप देऊन दूर वळणारी सर्व्हिस, त्याच्या फोरहँडकडे मंद व बुटके चेंडू, आणि तो जाळीकडे धावून आला की डोक्यावरून लॉब, अशी त्याची योजना होती. वेगच न मिळाल्यामुळे कॉनर्सचे फटके जाळीत व रेषेबाहेर जाऊ लागले. पहिले दोन सेट ॲशने ६–१, ६–१ असे सहज जिंकले. तिसरा सेट ५–७ असा गमावल्यावर व चौथ्यात ०–३ असा मागे पडल्यावरही त्याने आपली योजना सोडली नाही आणि तो सेट ६–४ असा जिंकून सामना संपविला. कोर्टाच्या बाजू बदलताना मिळणाऱ्या विश्रांतीत डोळे मिटून स्तब्ध बसलेला ॲश, हे या सामन्याचे दृश्य टेनिस-रसिकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. या विजयामुळे अनेक टेनिससमीक्षकांनी त्याला त्या वर्षीचा जगातील अग्रगण्य खेळाडू ठरविले. संगणकीय क्रमवारीत मात्र त्याचे सर्वोच्च स्थान दुसरे (मे १९७६) होते.

निवृत्ती व संघनायकत्व : फेब्रुवारी १९७७ मध्ये छायाचित्रकार जीन मुतूसामी हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी टाचेवर शस्त्रक्रिया झाल्याने त्याचा खेळ थांबला. परंतु पुढील वर्षी त्याने जिद्दीने पुनरागमन केले. जानेवारी १९७९ मध्ये न्यूयॉर्क येथे मास्टर्स स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, विजयासाठी केवळ एक गुण हवा असण्याची संधी दोनदा येऊनही, तो तरुण जॉन मॅकेन्रोकडून हरला. ३१ जुलै १९७९ रोजी त्याला हृदयविकाराचा झटका आला. डिसेंबरमध्ये हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि एप्रिल १९८० मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

१९८१ ते १९८५ या काळात तो अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघाचा न खेळणारा संघनायक होता. त्याच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने १९८१ व १९८२ मध्ये चषक जिंकला. या संघाचा मुख्य आधार असलेला मॅकेन्रो पंचांशी वारंवार भांडत असे. जॉन्सन यांच्या शिस्तीत वाढलेल्या ॲशला हे वर्तन सहन करणे जड गेले आणि दोघांत खटके उडाले. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला.

लेखन व समाजकार्य : चार्ली पासारेल व शेरिडन स्नायडर यांच्या सहकार्याने ॲशने १९६९ मध्ये शहरांतील गरीब वस्त्यांतील मुलांसाठी राष्ट्रीय कुमार टेनिस मंडळ स्थापन केले. त्याची पारखी दृष्टी देशापुरती मर्यादित नव्हती. १९७१ मध्ये कॅमेरूनच्या दौऱ्यावर असताना याउंदे येथे त्याला एका दहा वर्षांच्या मुलाचा खेळ आवडला आणि त्याने फ्रेंच टेनिस संघटनेचे फिलीप शात्रिए यांना तसे कळविले. हा मुलगा म्हणजे १९८३ मध्ये फ्रेंच अजिंक्यपद मिळविणारा यानिक नोआ होय.

एका महाविद्यालयात अमेरिकन समाजातील कृष्णवर्णीय क्रीडापटू या विषयावर शिकविण्याचे निमंत्रण मिळाले असता, या विषयावर पुस्तकेच जवळजवळ उपलब्ध नाहीत, असे ॲशच्या ध्यानात आले. मग त्याने स्वतःचे सुमारे तीन लाख डॉलर खर्च करून व संशोधन-साहाय्यकांच्या मदतीने अमेरिकन कृष्णवर्णीय क्रीडापटूंचा तीन खंडांचा इतिहास (अ हार्ड रोड टू ग्लोरी, १९८८) सिद्ध केला. आपल्या सर्व विजयांपेक्षा हे काम तो मोलाचे मानीत असे. कृष्णवर्णीय तरुणांनी व्यावसायिक खेळाच्या मृगजळामागे धावून शिक्षणाकडे दुर्लक्ष करू नये, असे त्याचे आग्रहाचे म्हणणे होते. म्हणूनच महाविद्यालयीन क्रीडापटूंच्या प्रवेशासाठी शैक्षणिक पात्रतेच्या अटी कडक करण्यास त्याने पाठिंबा दिला. या अटींमुळे गरीब विद्यार्थ्यांवर अन्याय होईल, असे मानणाऱ्या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांचा रोष त्याने या प्रश्नावर ओढवून घेतला.

अखेरची वर्षे : जून १९८३ मध्ये ॲशच्या हृदयावर दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला रक्त देण्यात आले. दान केलेल्या रक्तात एड्सचे विषाणू आहेत किंवा नाहीत, हे तपासण्याची पद्धत अमेरिकेत १९८५ मध्ये अस्तित्वात आली. सप्टेंबर १९८८ मध्ये उजवा हात लुळा पडल्यामुळे मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा त्याला एड्स झाल्याचे निष्पन्न झाले. ही गोष्ट त्याने कुटुंबीय, वैद्य व मोजक्या मित्रांपुरतीच ठेवली. एप्रिल १९९२ मध्ये यूएसए टुडे या दैनिकाकडे याविषयी कुणकुण पोहोचली व विचारणा झाली. वृत्त इतरांकडून फुटण्यापूर्वी ते स्वतःच सांगण्यावाचून ॲशपुढे पर्याय उरला नाही आणि ८ एप्रिल रोजी त्याने वार्ताहर परिषदेत ते जाहीर केले. पाच वर्षांच्या मुलीविषयी बोलताना त्याचा कंठ दाटून आला व निवेदनाचा काही भाग पत्नीला वाचावा लागला. कोणतेही सार्वजनिक पद नसलेल्या व्यक्तीचा आजार हा वृत्तपत्राचा विषय होऊ शकतो काय, याविषयी अमेरिकेत त्यामुळे मोठा वाद झाला.

उरलेले दहा महिने त्याने अखंड कामात घालविले. एड्सच्या निर्मूलनासाठी त्याने प्रतिष्ठान स्थापन केले, शहरांतील उपेक्षित वस्त्यांच्या आरोग्यासाठी संस्था काढली आणि १ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांत या प्रश्नावर भाषण केले. सप्टेंबरमध्ये हैतीतील कृष्णवर्णीय निर्वासितांना परत पाठविण्याच्या धोरणाविरुद्ध व्हाइट हाउससमोर निदर्शने करताना त्याला पुन्हा अटक झाली. एड्स हे आपल्यावरील सर्वांत मोठे ओझे नसून वर्ण हे त्याहून जड ओझे आहे, असे मत त्याने या काळात नमूद केले आहे. जगातील एक सन्मानित व सुखवस्तू नागरिक असूनही त्याने असे म्हणावे, यातच त्याच्या बाह्य संयमामागील वेदना प्रकट होते. न्यूयॉर्क येथे न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. आर्नल्ड रॅम्परसाद यांच्या सहकार्याने लिहिलेले डेज ऑफ ग्रेस हे त्याचे आत्मवृत्त त्याच वर्षी, मरणोत्तर, प्रसिद्ध झाले. जून १९९३ मध्ये त्याला अध्यक्षीय स्वातंत्र्यपदक देण्यात आले.

मूल्यमापन : लेव्हर किंवा बोर्ग यांच्याशी तुलना करता ॲशच्या नावावरील प्रमुख अजिंक्यपदे थोडी आहेत. सर्व्हिस व बॅकहँड हे त्याचे प्रभावी फटके होते. फोरहँड मात्र काहीसा बेभरवशाचा होता आणि मोक्याच्या क्षणी धाडसी फटका मारण्याच्या वृत्तीमुळे काही सामने त्याच्या हातून निसटले. त्याच्यानंतर आजतागायत एकाही कृष्णवर्णीय पुरुषाला विंबल्डनमध्ये एकेरीचे अजिंक्यपद मिळविता आलेले नाही, यावरून त्याच्या यशाची दुर्मिळता लक्षात येते. जहाल चळवळीतील लोकांना तो फार सौम्य वाटला, तर टेनिसच्या सनातनी वर्तुळाला त्याचे राजकारण अप्रस्तुत वाटले. प्रश्नाच्या स्वरूपानुसार आपली भूमिका बदलण्याची तयारी आणि बदललेल्या भूमिकेची किंमत स्वतः मोजण्याची सिद्धता, ही त्याची वैशिष्ट्ये मात्र टीकाकारांनीही मान्य केली.

न्यूयॉर्क येथील अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या मुख्य क्रीडागाराला १९९७ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. तेवीस हजारांहून अधिक प्रेक्षकांची सोय असलेले हे जगातील सर्वांत मोठे टेनिस-क्रीडागार आहे. रिचमंडमध्ये मॉन्युमेंट ॲव्हेन्यू या राजमार्गावर दक्षिणी राज्यसंघाच्या सेनानींचे पुतळे होते. तेथे ॲशचा पुतळा असावा किंवा नाही, यावर गोऱ्या व कृष्णवर्णीय अशा दोन्ही समाजांत वाद होऊन अखेर १० जुलै १९९६ रोजी तो उभारण्यात आला. त्याच्या एका हातात पुस्तके व दुसऱ्या हातात रॅकेट असून भोवती मुले आहेत. २०१९ मध्ये शहरातील एका प्रमुख रस्त्यास त्याचे नाव देण्यात आले. २०२० व २०२१ मध्ये राज्यसंघाच्या सेनानींचे पुतळे मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवरून हटविण्यात आले. ॲशचा पुतळा मात्र आपल्या जागी कायम राहिला.